जमिनीची साय
वरकस रानांतील पाणी कोठें जातें, व समिती ‘राखण’ या सदरावर पैसा कां खर्च करिते



या वृत्तांतांतील जमाखर्चाचें पान ज्यांनीं आधीं उघडलें असेल, त्यांस खर्चाच्या बाजूस ‘राखण व चारा’ असें एक सदर आढळेल. विहिरीचा गाळ काढणें, टांकी बांधणें, टँकरचें भाडें भरणें हीं कामें कोणासही समजतात. परंतु ज्या उजाड उतारावर विकण्याजोगी गवताची पेंढीही निघत नाहीं, त्यावर राखणदार ठेवून गुरें बाहेर कां ठेवावीं, व त्या गुरांस विकतचा चारा कां घालावा, असा प्रश्न ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कित्येक देणगीदारांनीं आम्हांस समक्ष विचारला. प्रश्न अगदीं रास्त आहे. दुसऱ्याचा पैसा खर्च करणारानें हिशेब जसा आंकड्यांनीं द्यावा तसा कारणांनींही द्यावा, असें आम्ही समजतों. शिवाय या सदराच्या मुळाशीं आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे, व ती झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम टंचाईचें स्वरूप पाहूं. ठाणें जिल्ह्यांत पाऊस थोडा पडतो असें कोणीही म्हणणार नाहीं. वर्षाकाठीं सुमारें १०० इंच पाऊस येथें पडतो, व तो जवळ जवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. १८९२ सालीं पुऱ्या झालेल्या तानसा धरणास व त्यामागून झालेल्या भातसा धरणास पाणी मिळतें तें याच जिल्ह्याच्या डोंगरांतून, व तेंच पुढें मुंबईची तहान भागवितें. असें असूनही शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायाबापड्यांस हंडे मांडून टँकरची वाट पाहावी लागते. इकडे सखल भागांतील लोकांची तक्रार नेमकी उलट आहे. २००५ च्या २६ जुलै रोजीं कल्याण व बदलापूर येथें उल्हास नदीनें केलेला कहर पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे. २०१९ च्या २७ जुलै रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून पडली व हजाराच्या वर उतारूंची सुटका करावी लागली, हीही गोष्ट ताजीच आहे. काळू व भातसा या नद्यांचें पाणी अखेर उल्हास नदीसच मिळतें. तात्पर्य, जुलैंत ज्या पाण्याची कल्याणकरांस धास्ती वाटते, त्याच पाण्याच्या घोटासाठीं एप्रिलांत डोंगरावरील पाडा तळमळत असतो.

 १९६३ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें खास कायदा करून ‘दुष्काळ’ हा शब्दच राज्याच्या कायद्यांतून काढून टाकला, व त्याच्या जागीं ‘टंचाई’ आली. शब्द बदलल्यानें हंडा भरत नाहीं, हें सांगावयास वकिलाची गरज नाहीं. परंतु येथें टंचाई पावसाची नसून पडलेला पाऊस राखण्याची आहे, हें मात्र ध्यानांत धरिलें पाहिजे. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें १ लाख ३ हजार लिटर पाणी पडलें. टँकर १० हजार लिटरांचा धरिल्यास तें दहा टँकर झालें. यावरून १०० इंचांच्या मुलखांत प्रत्येक एकरावर दरसाल हजार टँकर पाणी आकाशांतून उतरतें! तें कोठें जातें याचा निकाल पहिल्या प्रथम जमिनीच्या अगदीं वरच्या, नखाएवढ्या जाडीच्या थरांत लागतो. या लेखाचा विषय तोच थर होय.

मुंब्रा, मोठागांव व कल्याण येथील रेतीबंदरांचीं नांवें आपल्या ओळखीचीं आहेत. रेतीच्या ढिगावर तांब्याभर पाणी ओतलें तर तें पाहतां पाहतां नाहींसें होतें. कारण उघड आहे. रेतीचे कण मोठे, म्हणून त्यांच्यामधील वाटा रुंद. रुंद वाटेनें पाणी झपाट्यानें उतरतें, पण तेथें ठरत नाहीं. चिकण मातीचे कण अतिशय बारीक, वाटा अरुंद. त्यांत पाणी सावकाश शिरतें, पण शिरलें म्हणजे पुष्कळ काळ राहतें. आपल्या डोंगरउतारांवरील वरकस जमीन, जींत नागली व वरई पिकते, ती रेतीच्याच बाजूची आहे. कातळावर मुरमाचा व जाड कणांच्या मातीचा पातळ थर, एवढेंच तिचें भांडवल. अशी जमीन उधळ्या माणसासारखी असते. हातीं आलें तें घेते, पण गांठीस कांहीं बांधीत नाहीं. त्यांतून वरचा बारीक कणांचा अंश वाहून गेला म्हणजे तर तिच्यापाशीं पाणी धरण्याचें साधनच उरत नाहीं.

आतां त्या वरच्या थराकडे वळूं. डोंबिवलींतील किंवा ठाण्यांतील एखाद्या जुन्या इमारतीची पावसाकडील भिंत पाहावी. उन्हाळ्यांत तिच्यावर काळे कोरडे डाग दिसतात. पहिल्या सरीनंतर तेच डाग हिरवट होतात. रंगारी त्यास शेवाळ म्हणून खरवडून काढितो. शास्त्रज्ञ त्यांतील मुख्य जीवास नीलहरित शैवाल असें म्हणतात. हाच जीव, व त्याच्या सोबतीस बुरशी, दगडफूल व मखमलीसारखें बारीक शेवाळ, हीं सर्व मिळून पडीक व उघड्या जमिनीवर एक पातळ थर धरितात. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा तो असतो, म्हणून आम्ही त्यास जमिनीची साय म्हणतों. ग्रीष्मांत ती काळपट, ठिसूळ व मेल्यासारखी दिसते. परंतु ती मेलेली नसते. पाणी लागतांच थोड्याच वेळांत ती हिरवी होऊन आपला श्वासोच्छ्वास व अन्न तयार करण्याचें काम पुन्हां सुरू करिते. पावसाळ्यांत कातळावर मऊ, बुळबुळीत, हिरवट-तपकिरी गोळे फुगलेले दिसतात, ते याच कुळांतले.

सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिल्यास या सायेंत केसाहून कितीतरी बारीक असे तंतु दिसतात. प्रत्येक तंतूभोंवतीं चिकट द्रव्याचें म्यान असतें. ओल आली कीं तंतु म्यानांतून सरकत उजेडाकडे वर येतो, व मागें राहिलेलें म्यान मातीच्या कणांस दोरीसारखें गुंडाळून बसतें. अशा असंख्य दोऱ्यांनीं सुटे कण एकत्र बांधिले जातात. या जीवाचा दुसराही एक उपकार आहे. १९३९ सालीं पी. के. डे या शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं, भातखाचरांत नीलहरित शैवाल हवेंतील नत्र घेऊन तो जमिनीस देतें. म्हणजे ज्यास आपण घाण म्हणून खरवडतों तें गरीब जमिनीचें खत आहे.

या सायेचें पाण्याशीं वर्तन कसें असतें? येथें उत्साहाच्या भरांत एकच बाजू मांडणें सोपें आहे, पण तें खरें होणार नाहीं. म्हणून दोन्ही बाजू मांडतों.

प्रथम सायेच्या बाजूचा पुरावा. आकाशांतून येणारा टपोरा थेंब उघड्या मातीवर घणासारखा आदळतो. त्या मारानें मातीचीं ढेंकळें फुटतात, बारीक कण उसळून छिद्रांत बसतात, व ऊन पडलें कीं त्याचाच एक टणक पोपडा बनतो. हा पोपडा निर्जीव असतो; त्यावरून पाणी गढूळ होऊन वेगानें धांवतें, व जातांना माती नेतें. जिवंत साय थेंबाचा हा मार स्वतः सोसते, व तिनें बांधलेले कण सहजासहजीं सुटत नाहींत. तिच्यावरून जें पाणी वाहतें तें पुष्कळ अंशीं निवळ असतें. शिवाय तिच्यांतील चिकट द्रव्य स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून फुगतें, त्यामुळें रेताड जमिनीच्या वरच्या थरांत ओल अधिक वेळ टिकते, व गवताच्या बियांस रुजण्याइतका अवधि मिळतो.

आतां विरुद्ध बाजू. तेंच चिकट द्रव्य फुगलें म्हणजे रेतीमधील रुंद वाटा अरुंद करितें. वाऱ्यानें आलेली बारीक धूळही सायेस चिकटून राहते. म्हणून नुसत्या रेतीपेक्षां साय असलेल्या रेतींत पाणी सावकाश शिरतें, व जोराच्या पावसांत त्यांतील कांहीं भाग वरून वाहून जातो. साय सपाट व गुळगुळीत असेल तर हें अधिक घडतें. तिच्यांत शेवाळ व दगडफूल वाढून ती खडबडीत झाली असेल, तर लहान लहान खळग्यांत पाणी थांबतें व मुरण्यास वेळ मिळतो. सारांश, साय ही पाण्याची सरसकट मित्रही नव्हे कीं शत्रूही नव्हे. कोणतें पाणी येथेंच ठेवावें, कोणतें खालीं पाठवावें, व तें किती वेगानें पाठवावें, याची वाटणी ती करिते.

या वाटणीचा परिणाम कसा होतो हें परदेशांतील दोन ठिकाणीं स्पष्ट दिसून आलें आहे. इस्रायल व मिसर यांच्या सरहद्दीवर निझ्झाना नांवाच्या जागीं वाळूच्या टेकड्या आहेत. पाऊस वर्षाला अवघा सुमारें ४ इंच. सरहद्दीच्या एका अंगास गुरांची चराई व सरपणाची तोड चालू राहिली, दुसऱ्या अंगास ती थांबली. १९८२ नंतर हा फरक इतका वाढला कीं, आकाशांतून घेतलेल्या चित्रांत एक बाजू पांढरी व दुसरी काळसर दिसते. हा काळसर रंग बहुतांशीं सायेचाच होय. तेथें असें आढळलें कीं, सायेमुळें टेकडीच्या उतारावरून कांहीं पाणी वाहतें खरें, परंतु तें पायथ्याशीं जमतें, खोल मुरतें व तेथील झुडुपांस जगवितें. दुसरें उदाहरण चीन देशांतील शापोतोऊ येथील. तेथें आगगाडीच्या रस्त्यावर वाळू येऊं नये म्हणून १९५६ पासून वाळूंत पेंढ्याचे सुमारें हात-दोन हात लांबीरुंदीचे चौकोन रोवून त्यांत झुडुपें लाविलीं. वाळू स्थिरावली, तिच्यावर साय धरली. परंतु तेथें पाऊस वर्षाला ७ इंचांच्या आसपास. तो वरच्या थरांतच अडूं लागला, खालीं उतरेना, व खोल मुळांचीं झुडुपें कालांतरानें विरळ होऊन त्यांच्या जागीं वरवरच्या मुळांचीं लहान रोपें व गवत आलें. पहिल्या ठिकाणीं झुडुपें तरलीं, दुसऱ्या ठिकाणीं तीं हटलीं. साय मात्र दोन्हीकडे होती. वाहिलेलें पाणी झेलण्यास खालीं कोण आहे, व मुळें किती खोल आहेत, यावर फळ अवलंबून असतें.

हें तत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें समजूं नये. जेसलमेरच्या बाजूस पालीवाल ब्राह्मणांनीं खडकाळ माळावरून वाहणारें पाणी खालीं बांध घालून अडविण्याची ‘खडीन’ नांवाची रीत शेंकडों वर्षांपूर्वीं पाडली, व त्या ओलीवर ते पीक घेत. आपल्या येथें तर प्रत्येक गांवची मांडणीच तशी आहे: वर वरकस उतार, खालीं बांधबंदिस्तीचें भातखाचर. वरून येणारें पाणी खाचरानें झेलावें, हा त्यांतील करार आहे. मात्र करार पाण्याचा आहे, मातीचा नव्हे. वरच्या उताराची साय शाबूत असेल तोंवर खाचरास निवळ पाणी मिळतें. ती गेली कीं मुरूम व दगडगोटे येतात, खाचर बुजतें व तळें उथळ होतें.

आतां आमची चूक सांगतों. शहापूर तालुक्यांतील एका पाड्याच्या वरच्या उतारावर आमच्या समितीनें चर खणविले व झाडें लावण्यासाठीं खड्डे घेतले. काम मे महिन्यांत झालें. मजुरांस काम मिळावें, व पाहावयास येणाऱ्या देणगीदारांस तें नीट दिसावें, म्हणून आम्हीं चरांमधील सर्व जागा कुदळीफावड्यांनीं साफ करवून घेतली. वाळलेलें गवत, काळी खपली, सर्व खरवडून निघालें. उतार कसा अंगणासारखा स्वच्छ झाला, व त्याचें छायाचित्र काढून आम्हीं समाधान मानिलें. जूनच्या पहिल्या जोराच्या पावसानंतर आम्ही तेथें गेलों तेव्हां चर अर्धेअधिक मुरमानें भरलेले होते, उतारावर बोटभर खोल ओघळी पडल्या होत्या, व खालील लहान तळ्याचें पाणी तांबड्या मातीनें घट्ट झालें होतें. पाड्यावरील एक वृद्ध बाई आमच्याबरोबर चालत होत्या. त्या म्हणाल्या, “वकीलसायेब, तुम्ही डोंगराची सालच काढली. आता तो वाहणार नाय तर काय?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

त्याच दिवशीं, पाऊस उघडल्यावर, आम्हीं तीन जागीं तांब्यानें पाणी ओतून पाहिलें. जेथें माती कुदळीनें सैल झाली होती तेथें तें तत्काळ गडप झालें, परंतु त्याबरोबर बाजूची मातीही खचली. जेथें थेंबांच्या मारानें पोपडा बसला होता तेथें पाणी क्षणभर थांबून गढूळ होत्सातें उताराला लागलें. आणि एका करवंदीच्या जाळीखालीं, जेथें फावडें पोंचलें नव्हतें, तेथील हिरवट सायेवर पाणी थोडा वेळ चकाकत राहिलें, हळूहळू मुरलें, व जें थोडें वाहिलें तें स्वच्छ होतें. हा कांहीं प्रयोगशाळेंतील पुरावा नव्हे. परंतु आमचे डोळे उघडण्यास तो पुरे झाला.

यावरून समितीनें पुढील नियम ठरविले आहेत. चर खणावयाचा तर तेवढीच जागा खणावी, मधली जमीन खरवडूं नये. ज्या उतारावर काम चालू असेल तेथें निदान तीन पावसाळे गुरें व शेळ्या जाऊं देऊं नयेत. कारण सुकलेली साय खुराखालीं कांचेसारखी फुटते, व कोरड्या मुलखांत ती पुन्हां धरण्यास कित्येक वर्षें लागतात. आपल्याकडे पाऊस भरपूर असल्यानें ती लवकर सांवरेल अशी आशा आहे. तथापि तिला स्वस्थता मिळाली पाहिजे. उन्हाळ्यांत डोंगरांना लागणारे वणवे रोखण्यासाठीं जाळरेषा काढावी, कारण वणव्यांत गवताबरोबर सायही भाजून निघते. आणि चौथा नियम असा कीं, वाहणारें पाणी झेलण्यासाठीं खालीं बांध, खाचर किंवा तळें यांची व्यवस्था आधीं करावी, मग वरच्या उतारास हात लावावा.

यांतील गुरें बाहेर ठेवण्याचा नियम सर्वांत महाग पडतो. ज्याचें पोट चार शेळ्यांवर आहे त्यास ‘येथें चारूं नको’ असें सांगणें म्हणजे त्याच्या ताटांतील भाकरी ओढून घेणें होय. समितीस तसा अधिकार नाहीं, व असता तरी तो वापरणें न्याय्य झालें नसतें. म्हणून जेवढी चराई आपण बंद करितों तेवढा चारा आपण पुरविला पाहिजे, आणि राखणदार पाड्यावरचाच नेमून त्याची मजुरी वेळच्या वेळीं दिली पाहिजे. ‘राखण व चारा’ हें सदर तें हेंच.

आम्ही या सायेस कामधेनु म्हणत नाहीं. आपल्या डोंगरांखालचा कातळ पाणी बेताचेंच सांठवितो. वरील माती पातळ आहे. केवळ साय राखल्यानें मे महिन्यांत विहिरी भरतील असें वचन कोणी दिल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. या उन्हाळ्यांत टँकर लागतील, पुढच्याही उन्हाळ्यांत लागतील, व त्यांचें भाडें भरणें हें समितीचें पहिलें कर्तव्य राहील. परंतु टँकर एका दिवसाची तहान भागवितो. डोंगरावरची माती गेली तर ती आपल्या हयातींत परत येणार नाहीं, आणि मग कितीही टँकर पुरे पडणार नाहींत. साय राखावयाची ती मातीसाठीं, व माती राखावयाची ती पाण्यासाठीं.

दात्यांस एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. या सदरास दिलेल्या पैशाचें छायाचित्र निघत नाहीं. त्यावर कोनशिला बसत नाहीं, कीं दात्याचें नांव कोरतां येत नाहीं. पहिल्या वर्षीं उतारावर एक काळसर छटा दिसेल, दुसऱ्या वर्षीं विरळ गवत, आणि खालच्या तळ्यांत श्रावणांतील पाणी पूर्वींपेक्षां निवळ दिसूं लागल्यास आम्ही कृतकृत्य होऊं. ज्यांस एवढ्यावर समाधान मानतां येईल त्यांनीं आपल्या देणगीवर ‘राखण व चारा’ असें लिहून ती समितीकडे द्यावी; ज्यांस टँकरसाठीं द्यावयाचें असेल त्यांनीं तसें लिहावें. दोन्ही रकमा वेगळ्या ठेवून त्यांचा हिशेब पुढील वृत्तांतांत वेगळा छापला जाईल. आणि ज्यांस शंका असेल त्यांनीं जूनच्या पहिल्या पावसानंतर एक दिवस मोकळा काढून आमच्याबरोबर त्या उतारावर यावें. सोबत एक तांब्या आणावा. पाणी तेथें, निदान त्या दिवशीं तरी, मुबलक असेल.